पक्षाघातानंतर अर्धी बाजू दिसेनाशी झाली तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

पक्षाघातातून माणूस सावरतो, चालायला लागतो, आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की बाबा सारखे दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात. ताटातली भाजी-आमटी संपते, पण डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते. मग पहिली धाव चष्म्याच्या दुकानाकडे. तिथे तक्ता वाचून घेतला जातो, दृष्टी ६/६ भरते, 'डोळे उत्तम आहेत' असं सांगून घरी पाठवतात. काही जण चष्मा बदलतात, काहींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं जातं, आणि धडकणं तसंच चालू राहतं. यात जे महिने जातात तेच सुधारण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे असतात. म्हणून खालचा क्रम पाळा.

उदाहरणासाठी मी डावी बाजू गेलेला रुग्ण धरला आहे. उजवी बाजू गेली असेल तर दिशा उलटी करा. जिथे नुसतं उलटं करून भागत नाही, तिथे वेगळं सांगितलं आहे.

१. डोळा गेला की बाजू गेली, हे आधी ठरवा

रुग्ण हमखास म्हणतो, 'डाव्या डोळ्याने दिसत नाही.' हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगू नका. आधी रुग्णाला डावा डोळा तळहाताने झाकायला सांगा. फक्त उजव्या डोळ्याने बघतानाही डावी बाजू गायब असेल, तर बिघाड डोळ्यात नसून मेंदूत आहे.

दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या जगाचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला जातो आणि उजवा भाग डाव्या बाजूला. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तिथे रक्तस्राव झाला किंवा मार बसला की दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. याला हेमिअनोपिया म्हणतात. मधली बारीक नजर बऱ्याचदा शाबूत राहते, म्हणून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. ६/६ म्हणजे सगळं ठीक, हा समज इथे घात करतो.

दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू गेल्या असतील, म्हणजे डाव्या डोळ्याची डावी आणि उजव्या डोळ्याची उजवी, तर हा लेख बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्टला गाठा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ डोळ्यांच्या नसांवर दाब देते तेव्हा असं होतं. त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

२. हे आत्ताच, अचानक झालं असेल तर

थांबू नका. बाजू अचानक दिसेनाशी होणं हेसुद्धा पक्षाघाताचं लक्षण आहे, तोंड वाकडं झालेलं नसलं, हात लुळा पडलेला नसला तरी. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ कागदावर लिहून घ्या. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ लिहा.

> सावधान: दहा मिनिटांत सगळं पूर्ववत दिसायला लागलं, तरीही त्याच दिवशी दाखवा. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो. मायग्रेनमध्येही काही वेळ नागमोडी चमकत्या रेषा दिसून बाजू धूसर होते, पण पहिल्यांदाच झालं असेल तर 'मायग्रेन असेल' हे घरच्या घरी ठरवू नका.

डोक्याला मार लागला असेल तर काही आठवड्यांनंतरही लक्ष ठेवा. कवटीच्या आत हळूहळू साठणारं रक्त, विशेषतः वयस्कर माणसांत, उशिरा त्रास देतं.

३. घरच्या घरी तपासणी

याने निदान होत नाही. पण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते कळतं आणि पुढे फरक पडतोय का ते बघता येतं.

समोरासमोर बसा, साधारण एक मीटर अंतर ठेवून, डोळे एका उंचीवर. तुमच्या मागे उजेडाची खिडकी नको. रुग्णाने आपला डावा डोळा झाकायचा, तुम्ही तुमचा उजवा. त्यांनी तुमच्या नाकाकडे बघत राहायचं. दोघांच्या मधोमध, एकेका कोपऱ्यात हात आणून एक, दोन किंवा पाच बोटं स्थिर धरा आणि विचारा, 'किती?' रुग्णाच्या वर डावीकडे, खाली डावीकडे, वर उजवीकडे, खाली उजवीकडे. मग दुसरा डोळा. शेवटी दोन्ही बाजूंना एकदम बोटं दाखवा.

चुका ठरलेल्या आहेत. 'दिसतंय का?' असं विचारलं की रुग्ण अंदाजाने हो म्हणतो, म्हणून संख्याच विचारा. बोटं हलवू नका, कारण काही रुग्णांना न दिसणाऱ्या बाजूतही हालचाल जाणवते आणि तुम्ही फसता. हातात बांगड्या असतील तर काढून ठेवा, आवाजावरून बाजू कळते. तुमची नजर त्यांच्या डोळ्यांवर हवी. ते चोरून बोटांकडे वळले तर ती फेरी बाद.

वरचा किंवा खालचा पाव भागच गेला असेल तर तेही लिहून ठेवा. खालचा भाग गेला की उंबरठा, पायरी, जमिनीवर बसलेलं नातवंड दिसत नाही. पडायचा धोका यात सगळ्यात जास्त. वरचा भाग गेला की कपाटाचं उघडं दार डोक्याला लागतं.

४. दिसत नाही, की तिकडे लक्षच जात नाही?

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मग पुढचे व्यायाम का जमत नाहीत ते कळत नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला, विशेषतः वरच्या-मागच्या भागाला इजा झाली की डावी बाजू दिसत असूनही मनाला तिचं अस्तित्वच राहत नाही. याला नेग्लेक्ट म्हणतात. फक्त हेमिअनोपिया असलेल्या माणसाला काही दिवसांत आपली उणीव कळते आणि तो मान वळवू लागतो. नेग्लेक्ट असलेला म्हणतो, 'मला काय धाड भरली आहे?' तो अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो, सदऱ्याची डावी बाही घालायची राहते, डावीकडून हाक मारली तर उजवीकडे बघतो.

कोऱ्या कागदावर साधारण २० सेंटिमीटरची आडवी रेघ मारा, कागद छातीसमोर सरळ ठेवा आणि मध्यावर खूण करायला सांगा. खूण वारंवार बरीच उजवीकडे पडली तर नेग्लेक्टची शंका घ्या. मग घड्याळाचं चित्र काढायला सांगा. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले तर शंका आणखी बळकट. टप्पा ३ मध्ये प्रत्येक बाजूची बोटं वेगवेगळी दाखवली तेव्हा दिसली, पण एकदम दाखवल्यावर डावी सुटली, तर तेही याच दिशेने बोट दाखवतं. दोन्ही दोष एकत्र असू शकतात.

> तपासा: नेग्लेक्टची शंका असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची, मदत आधी घ्या. अशा माणसाला गॅसजवळ, जिन्यावर किंवा रस्त्यावर एकटं सोडू नका. 'मुद्दाम करतात' असं म्हणून रागावू तर अजिबात नका. त्यांच्यासाठी ती बाजू खरोखरच नसते.

५. फील्ड टेस्ट नीट करून घ्या

पेरिमेट्री म्हणजेच फील्ड टेस्ट, नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी. अर्धगोलाकार पडद्याच्या मध्यावर नजर रोखायची आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकेका डोळ्याला काही मिनिटं लागतात. मेंदूच्या आजारातून उठलेल्या माणसाला ही तपासणी दमवते, आणि दमल्यावर आलेला रिपोर्ट कामाचा नसतो.

सकाळची वेळ घ्या. झोप, नाश्ता, नेहमीची औषधं झालेली हवीत. सगळे चष्मे सोबत न्या. हाताला लकवा असेल तर बटण दुसऱ्या हातात द्यायला सांगा. पापणी खाली लोंबत असेल तर हलकी चिकटपट्टी लावायला सांगा. आणि घरून निघतानाच त्यांना समजावा: 'बरेच ठिपके दिसणार नाहीत. घाबरायचं नाही, शोधायचंही नाही. समोरचा दिवा सोडायचा नाही.' हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस कासावीस होतो आणि नजर भिरभिरते. दमल्यावर थांबायची सोय असते, तंत्रज्ञाला तसं सांगा.

रिपोर्ट हातात आल्यावर आधी वर छापलेली विश्वासार्हता बघा, म्हणजे नजर किती वेळा ढळली आणि ठिपका नसताना किती वेळा बटण दाबलं. हे प्रमाण जास्त असेल तर तपासणी पुन्हा करावी लागेल. पहिली टेस्ट तशीही शिकण्यातच जाते. मग दोन्ही डोळ्यांचे नकाशे शेजारी ठेवा. काळपट भाग दोन्हींत एकाच बाजूला आणि मधल्या उभ्या रेषेवर थबकलेला असेल, तर बिघाड मेंदूकडचा. प्रत्येक डोळ्यात बाहेरच्या बाजूला साधारण १५ अंशांवर एक छोटा काळा ठिपका असतोच, तो सगळ्यांना असतो.

नेहमीची टेस्ट मधल्या २४ ते ३० अंशांपुरतीच असते. चालण्या-फिरण्यासाठी लांबच्या कडा महत्त्वाच्या, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून केली जाणारी एस्टरमन टेस्ट होईल का ते विचारा. बोलणं समजत नसेल तर यंत्राचा हट्ट सोडा. डॉक्टर बोटांची नक्कल करायला लावून अंदाज घेतात.

पुढच्या टेस्ट साधारण तीन आणि सहा महिन्यांनी करतात. आपोआप जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होते. गेलेलं क्षेत्र, म्हणजे नजरेचा गेलेला भाग, सहा महिन्यांनंतर परत येण्याची शक्यता फार कमी. हे कटू आहे, पण ते माहीत असलेलं कुटुंब सरावाला वेळेवर लागतं.

६. घर दोनदा लावा

सुरुवातीचे आठवडे सुरक्षेचे. पलंग असा ठेवा की दार दिसणाऱ्या बाजूला येईल. पाणी, मोबाइल, घंटी त्याच बाजूला. न दिसणाऱ्या बाजूने येऊन एकदम खांद्यावर हात ठेवू नका, आधी बोला. गरम चहा तर कधीच त्या बाजूने देऊ नका. जिन्याच्या कडांना आणि डाव्या चौकटीला ठळक पिवळी किंवा लाल पट्टी लावा. ओट्यावर कढईचा दांडा डावीकडे बाहेर आलेला नको. फर्निचर हलवलं असेल तर त्यांना हात लावून दाखवा.

पण घर कायमचं असंच ठेवलं की डोळ्यांना डावीकडे जायचं कारणच उरत नाही, आणि इथेच प्रेमापोटी नुकसान होतं. तब्येत स्थिरावली, नेग्लेक्ट नाही हे कळलं, की एकेक वस्तू मधोमध आणि मग डावीकडे सरकवत न्या: आधी चष्म्याची डबी, मग वर्तमानपत्र, मग टीव्हीचा रिमोट. औषधं आणि तातडीची घंटी मात्र शेवटपर्यंत दिसणाऱ्या बाजूलाच.

जेवताना ताट फिरवून देण्याची सवय लवकर मोडा. डाव्या हाताचा अंगठा ताटाच्या डाव्या काठावर ठेवायला सांगा आणि नजर त्या अंगठ्यापर्यंत नेऊनच पहिला घास घ्यायचा. हात लुळा असेल तर ताटाखाली रंगीत कापड घाला, त्याची डावी कड हीच खूण. चकचकीत स्टीलचं ताट फिक्या टेबलावर नीट उठून दिसत नाही, त्यामुळे गडद कापडाचा तसाही फायदा होतो.

न दिसणाऱ्या बाजूला माणसं, प्राणी, नक्षी दिसल्याचं रुग्णाने सांगितलं तर हबकू नका. नजर गेलेल्या भागात मेंदू कधीकधी अशी चित्रं रचतो. त्यांना ती खरी नाहीत हे कळत असेल तर वेड लागल्याची भीती बाळगू नका, पण डॉक्टरांना सांगा, कारण फिट्समध्येही असं होऊ शकतं.

७. नजर फेकायचा सराव

सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. गेलेलं क्षेत्र यातून परत येत नाही. डोळे तिकडे लवकर आणि पुरेसे लांब नेण्याची सवय मात्र लागते. १५-२० मिनिटं, दिवसातून दोनदा. डोकं जड झालं की थांबा.

*पहिली पायरी, बसून.* भिंतीच्या डाव्या टोकाला लाल कागद चिकटवा. रुग्ण समोर खुर्चीत, मान स्थिर. एका झेपेत नजर लाल कागदापर्यंत न्यायची, मग सावकाश उजवीकडे परत आणायची. शोधत शोधत छोट्या छोट्या टप्प्यांनी डावीकडे सरकणं ही इथली मुख्य चूक. वस्तूच्या पलीकडे उडी मारून मागे यायचं, हे अंगवळणी पडायला हवं. 'नीट बघा' या सांगण्याचा काही उपयोग होत नाही. 'बाबा, लाल कागदापर्यंत' असं दर वेळी त्याच शब्दांत सांगा.

*दुसरी पायरी, शोधणं.* टेबलभर पत्ते उलगडून मांडा आणि 'बदामाची राणी कुठे?' विचारा. डावीकडून सुरुवात करून ओळीने. ज्यांना सवय आहे त्यांना ताटात तांदूळ निवडायला द्या, नियम एकच: दर वेळी डाव्या काठापासून. ओळखीचं काम असलं की माणूस कंटाळत नाही.

*तिसरी पायरी, उभं राहून आणि चालत.* आता मानही वळवायची. इथे एक बारीक फसवणूक होते: मान डावीकडे वळते पण डोळे समोरच खिळून राहतात, म्हणजे नवं काहीच दिसत नाही. समोर उभे राहून त्यांच्या बुबुळांकडे बघा. आधी डोळे, मागून मान. पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींवर वेगवेगळ्या उंचीवर आकडे चिकटवा आणि चालता चालता वाचायला सांगा.

> तपासा: पॅसेजमधले डावीकडचे आकडे बहुतेक सगळे सापडत असतील, चौकटीला धडकणं थांबलं असेल, तरच टप्पा ९ कडे जा.

८. वाचन

डावी बाजू गेलेला माणूस ओळ संपवून पुढच्या ओळीची सुरुवात चुकवतो. पानाच्या डाव्या समासावर लाल पट्टी ठेवा. पट्टी दिसल्याशिवाय वाचायला सुरुवात नाही. आकड्यांची खास काळजी घ्या. पासबुकातले २५,००० त्यांना ५,००० दिसू शकतात. बँकेचं काम काही काळ दोघांनी मिळून करा.

उजवी बाजू गेलेल्यांचे हाल जास्त. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे पुढचा शब्दच अंधारात असतो आणि वाचन अडखळतं. ओळीखाली पट्टी धरा, उजवं बोट ओळीच्या शेवटी ठेवा आणि नजर शब्दाच्या शेवटाकडे टाकायला शिकवा. अक्षरं खूप मोठी करण्याचा मोह टाळा. अक्षर जितकं मोठं, तितकी कमी अक्षरं दिसणाऱ्या भागात मावतात. काहींना पान तिरपं किंवा उभं फिरवून वाचणं सोपं जातं, करून बघायला हरकत नाही.

९. रस्ता

आपल्याकडे पहिली लेन ओलांडताना गाडी उजवीकडून येते. उजवी बाजू गेलेल्याला पदपथावरून पाय खाली टाकतानाच धोका, डावी गेलेल्याला रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या दोघांनाही कुठूनही गाठतात. म्हणून नियम: थांबा, न दिसणारी बाजू आधी टोकापर्यंत बघा, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. चालता चालता बघून ओलांडणं नाही.

सोबत्याने न दिसणाऱ्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे चालायचं. रुग्णाने त्याच्या कोपराच्या वर धरायचं. त्यांना दंडाला धरून ओढत नेऊ नका. सुरुवात ओळखीच्या गल्लीत, सकाळच्या शांत वेळी. नंतर बाजार, मग एसटी स्टँड. लोकलचा फलाट सगळ्यात शेवटी, आणि तोही सोबतीनेच.

> सावधान: गाडी बंद, दुचाकीही. 'मान वळवून बघतो ना' हे पुरेसं नाही. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय किल्ली हातात देऊ नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तिथल्या परवाना विभागाला कळवणं बंधनकारक आहे. तिथे आडवं क्षेत्र किमान १२० अंश लागतं आणि पूर्ण अर्धी बाजू गेलेला सहसा त्यात बसत नाही.

१०. प्रिझमचा चष्मा आणि जाहिराती

प्रिझम म्हणजे प्रकाश वळवणारी काच. ती न दिसणाऱ्या बाजूकडचं चित्र दिसणाऱ्या भागात सरकवून आणते. न दिसणाऱ्या बाजूच्या काचेवर वर आणि खाली पट्ट्या, मधला भाग मोकळा, ही पद्धत चालण्यासाठी काहींना चांगली लागू पडते. पण क्षेत्र स्थिरावल्यानंतर, सराव जमल्यानंतर आणि नेग्लेक्ट नसेल तरच. आधी चिकटवता येणाऱ्या पातळ प्रिझमवर काही आठवडे करून बघा. त्यातून थेट रोखून बघायचं नसतं. काहीतरी येतंय एवढं कळलं की नजर तिकडे न्यायची. हे लो व्हिजन क्लिनिकमध्येच, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीच्या खास दवाखान्यातच, करा.

गेलेलं क्षेत्र कॉम्प्युटरच्या व्यायामाने परत आणून देतो असं सांगून मोठी रक्कम मागणारे भेटतील. त्याला ठोस पुरावा नाही. तो पैसा ऑक्युपेशनल थेरपिस्टला द्या.

११. कागदपत्रं

डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटीचा रिपोर्ट, दोन्ही डोळ्यांच्या सगळ्या फील्ड टेस्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. टक्के ठरवण्याच्या तक्त्यात मॅक्युला, म्हणजे नजरेचा मध्य, धरून गेलेल्या हेमिअनोपियाची नोंद आहे. म्हणून मध्य गेला आहे की वाचला आहे हे तुमच्या रिपोर्टवर स्पष्ट लिहून घ्या. त्यासाठी मधल्या १० अंशांची वेगळी टेस्ट मागता येते. नुसत्या ६/६ च्या नोंदीवर अर्ज केला तर तो परत येण्याचीच शक्यता जास्त. पक्षाघाताने हात-पायही अधू झाले असतील तर त्याचं मूल्यमापन त्याच अर्जात मागा, दोन्ही मिळून टक्के काढले जातात.